गच्चीवरचा गरम वारा

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. बेळगावातल्या एका कापड दुकानाच्या बिल्डिंगमध्ये रात्री दोन वाजता मी बेसमेंटच्या पॅनलपुढं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेलो, डोक्याला माकडटोपी, हातात क्लॅम्प मीटर, आणि समोर मीटर दाखवतोय ३२ किलोवॅट. दुकान साडेनऊला बंद झालंय, शटर खाली, वरची ऑफिसं कुलूपबंद, आत चिटपाखरू नाही. तरी ३२. म्हणजे दीड टनाचे वीसेक एसी एकदम चालू असावेत एवढा लोड, आणि बाहेर थंडी अशी की मोटरसायकलवरून येताना बोटं आखडलेली.

मी एनर्जी ऑडिट करतो, म्हणजे बिल्डिंगची वीज कुठं कुठं जाते ते मोजून शोधतो. पाहुण्यांना अजून वाटतं मी सीएकडं कामाला आहे.

या कामाची सुरुवात एका ईमेलनं झाली. बिल्डिंगमध्ये खालचे तीन मजले साड्या-कापडाचं शोरूम, वर एक पतसंस्था, आणि सगळ्यात वर एका मोठ्या कंपनीचं ब्रँच ऑफिस. ती कंपनी शेअर बाजारातली, आणि सेबीनं २०२२-२३ पासून वरच्या १००० कंपन्यांना पर्यावरणाचा सगळा हिशोब वार्षिक रिपोर्टात द्यायला लावलाय, त्यामुळं तिच्या पुण्याच्या ऑफिसातून मालकांना विचारणा आली की आमच्या मजल्याला वीज किती लागते, एसीत गॅस कुठला, जनरेटरला डिझेल किती. मालक म्हणजे साठीचे गृहस्थ, आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी मला फोन केला, "हे कार्बन कार्बन काय लावलंय बघा की ओ जरा. आपण काय धूर सोडूलालोय काय? चिमणी आहे काय आपल्या बिल्डिंगला?"

मी म्हटलं काका चिमणी आहे, फक्त ती रायचूरला आणि कुडगीला, कोळशाच्या वीज केंद्रांवर आहे. आपल्याकडं ग्रीडच्या एका युनिटमागं सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, तुमचं बिल महिन्याला इतक्या हजार युनिटचं, आता तुम्हीच गुणा. काकांनी गुणलं असावं, कारण जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोलर लावूया. ६० किलोवॅटचं कोटेशन आलंय. मग झालंच की."

आता सोलरला माझा विरोध नाही, पण एखाद्याला ताप आला की आधी घोंगडं टाकायचं का ताप का आला ते बघायचं? मी म्हटलं आधी मीटरमधला लोड सर्व्हे काढू. मोठ्या जोडणीच्या एचटी मीटरमध्ये दिवसभराचा लोड थोड्या थोड्या वेळानं नोंदला जातो, तो वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या माणसाकडून मिळवायला आठ दिवस आणि चार चहा गेले. ग्राफ बघितला तर दिवसा डोंगर ठीक होता, पण रात्री दरी असायला पाहिजे तिथं माळरान! एक दिवस नाही, सगळे दिवस. रविवारी दुकानाला सुट्टी असते, तेव्हाही तेच. काकांना दाखवलं तर म्हणाले मीटर खराब असणार, आमच्याकडं सगळे एलईडी आहेत.

सगळे एलईडी आहेत हे वाक्य मी या धंद्यात इतक्यांदा ऐकलंय.

म्हणून मग ती रात्र. सोबत डिप्लोमा करून आलेला आमचा पोरगा, तो बारापर्यंत उत्साहात होता, नंतर साड्यांच्या गाठोड्यावर झोपला. मी एकेक फीडरला, म्हणजे पॅनलमधून निघणाऱ्या केबलीला, क्लॅम्प लावून आकडे लिहीत होतो. बोर्डाच्या लाइटी, कॅमेरे, सर्व्हर, फ्रिज असं सगळं मिळून तीनेक किलोवॅट. लिफ्ट काही नाही. उरलेले २९ दोन केबलींतून वर चाललेले, एक गच्चीवर आणि एक पहिल्या मजल्यावर. पॅनलवर चिलरचा, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशीनचा, टायमर होता, त्यावर रात्री नऊ चाळीसला बंद असं व्यवस्थित सेट केलेलं, म्हणजे कागदोपत्री चिलर झोपलेला.

तेवढ्यात वॉचमन मामा चहा घेऊन आले. खानापूरकडचे, सत्तरीला टेकलेले, अंगात साधा युनिफॉर्मचा शर्ट. मी म्हटलं मामा, थंडी वाजत नाही काय हो तुम्हाला?

"खाली वाजतंय की. पण मी रात्री गच्चीवरच असतोय. तिथं गरम वारा असतोय ओ मस्त. कपडं पण वाळतात."

मी चहा तिथंच ठेवला.

गच्चीवर गेलो तर खरंच, एअर कूल्ड चिलर घरघरतोय, त्याच्या वर कुणीतरी पावसात भिजू नये म्हणून पत्र्याचं छप्पर केलेलं, पंख्यांनी वर फेकलेली गरम हवा पत्र्याला आपटून परत खाली येतेय आणि तिथं मामांची खुर्ची, दोरीवर पँट आणि टॉवेल वाळत. आत्ता हसू येतं पण त्या वेळी मी थर्मामीटर धरून उभा राहिलो. गच्चीच्या कडेला १४ डिग्री, मामांच्या खुर्चीपाशी २७. हे छप्पर म्हणजे वेगळंच दुखणं, चिलरनं आतली उष्णता बाहेर टाकायची आणि तीच हवा परत ओढायची, म्हणजे माणसाला पिशवीत तोंड घालून पळायला लावल्यासारखं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढणारच. बाजूला पाण्याचे दोन पंप, त्यातला एक स्टँडबाय, पण दोन्ही चालू. दोन पंप लावले म्हणून पाणी दुप्पट जात नाही, तीच पाइप, तेच व्हॉल्व्ह, नुसतं प्रेशर वाढतं आणि वीज जाते. चिलरच्या सिलेक्टर स्विचवर सेलोटेप मारलेला आणि मराठीत नि कन्नडमध्ये लिहिलेलं, हात लावू नये. स्विच मॅन्युअलवर. खालचा टायमर बिचारा दोन-तीन वर्षं रोज रात्री नऊ चाळीसला कुणालाच बंद करत नव्हता.

पण चिलर चालू ठेवला तरी १४ डिग्रीच्या रात्री त्याला काम काय? आतली हवा आधीच गार, थर्मोस्टॅटनं त्याला गप्प बसवायला हवं होतं. याचं उत्तर दुसऱ्या केबलीत होतं. पहिल्या मजल्यावर सिल्क सेक्शन, तिथल्या एअर हँडलिंग युनिटच्या, म्हणजे हवा गार करून आत सोडणाऱ्या पेटीच्या, डक्टला हात लावला तर गरम. परत लावला. गरमच. आत ९ किलोवॅटचा हीटर चालू. म्हणजे एकाच पेटीत आधी गच्चीवरचं थंडगार पाणी हवेला गार करतंय आणि एक हात पुढं हीटर तीच हवा तापवतोय, आणि दोघांची ही झटापट रोज रात्रभर, बंद दुकानात, पैठण्या आणि शहापुरी साड्या शोकेसमधून बघताहेत.

असं करण्याला एक कारण असतं, हे इथं सांगायला पाहिजे नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी खुळ्यानं बसवलंय. हवेतलं पाणी काढायचं तर हवा इतकी गार करावी लागते की पाणी कॉइलवर थेंब होऊन गळून पडेल, गार तांब्याला बाहेरून दव सुटतं तसं. पण मग ती हवा फारच गार होते म्हणून थोडी तापवून आत सोडतात. पावसाळ्यात, जपून वापरलं तर ठीक. पण डिसेंबरात? भिंतीवरचा दमटपणाचा सेन्सर म्हणत होता ८८ टक्के. मी पिशवीतनं ओल्या कापडाचा थर्मामीटर काढला, गरगर फिरवला, कोरडा २२, ओला साडेपंधरा, म्हणजे दमटपणा पन्नासच्या आसपास. सेन्सर खोटं बोलत होता.

का, ते सकाळी दहाला कळलं. मी डोळे चोळत त्याच भिंतीपुढं उभा आणि सिल्क सेक्शनच्या अक्का आल्या, वीस वर्षं तिथं काम करणाऱ्या, चपला काढल्या, देव्हाऱ्याला हळदकुंकू लावलं आणि सहा उदबत्त्या पेटवून धूप फिरवला. देव्हारा सेन्सरच्या बरोबर खाली. सेन्सरची जाळी मी उघडून बघितली तर आत काजळी, तेलकट, बोटाला लागेल अशी. अशा थराखाली सेन्सर हळूहळू भलतंच वाचायला लागतो.

अक्कांनीच मग मूळ कथा सांगितली. तीन वर्षांमागं जुलैत सलग पाऊस लागला होता, बेळगावचा पाऊस माहितेय ना, पंधरा दिवस ऊन नाही, आणि कपाटातल्या भारी साड्यांना बुरशीचे ठिपके आले. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या लोकांसमोर साडी उलगडली आणि कुबट वास. काका इतके संतापले की एसीवाल्यांना बोलावून सांगितलं, काय पण करा, रात्री पण चालू ठेवा. त्यांनी हीटर बसवला, सेन्सर लावला जिथं वायर पोचली तिथं, चिलर मॅन्युअलवर टाकला, टेप मारला. साड्या वाचल्या. पाऊस गेला. टेप राहिला. अक्का म्हणाल्या, "मीच त्यांना सांगितलं होतं ओ कुणाला बंद करू देऊ नका म्हणून. चुकलं काय माझं?" मी म्हटलं अक्का तुमचं काही चुकलं नाही, आणि खरंच नव्हतं.

हिशोब काकांच्या गल्ल्यावर बसूनच केला, बिलाच्या मागं. रात्रीचे बारा तास, २९ किलोवॅट, म्हणजे रात्रीला जवळजवळ ३५० युनिट. सगळ्या रात्री सारख्या नसतात म्हणून मी वर्षाचा आकडा खाली ओढून १ लाख युनिट धरला. म्हणजे ७० टन कार्बन डायऑक्साइड. आणि काकांचं ६० किलोवॅटचं सोलर आपल्याकडं वर्षाला साधारण ८५ हजार युनिट देणार. काकांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, चष्मा काढला. "म्हणजे दिवसभर गच्चीवर गोळा करायचं आणि रात्री त्याच गच्चीवर उधळायचं, वर पंधरा हजार आणि घालून?" माझ्या तीस पानी रिपोर्टात हे वाक्य इतकं नीट आलं नव्हतं.

त्यातच चिलरची वही हाताला लागली. मागच्या वर्षी १२ किलो गॅस भरलेला, आर-२२, जुना. भरला म्हणजे आधीचा कुठंतरी गळला. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट तापवतो, म्हणजे १२ किलो गळला की २१ टनांच्या वर, तीसेक हजार युनिट जाळल्यासारखं, आणि वीज बिलात त्याचा एक पैसा दिसत नाही. काका म्हणाले हे पण त्या पुणेवाल्यांना सांगायचं काय? म्हटलं विचारलंय तर सांगायचं. मग गळती शोधली, पाइपच्या सांध्यावरच्या एका फ्लेअर नटमधून तेल पाझरत होतं.

दुरुस्ती मात्र फार किरकोळ होती, त्यामुळं काकांना जरा फसवल्यासारखंच वाटलं असणार. नवा सेन्सर, तो देव्हाऱ्यापासून पंधरा फूट लांब. टेप काढला, चिलर टायमरवर. एक पंप बंद. चिलरवरचं छप्पर उतरवलं, ती मशीन पावसात भिजायलाच बनवलेली असते. हीटर काढून टाकला आणि पावसाळ्यासाठी सिल्कच्या गोदामात हवेतलं पाणी काढणारी दोन छोटी डीह्युमिडिफायर, कारण भिजतं ते गोदाम, त्यासाठी तीन मजली शोरूम कशाला गार करायचं? अक्का तेवढ्यावर तयार नव्हत्या, त्यांच्यासाठी कपाटात दमटपणाचे आकडे दाखवणारं घड्याळासारखं यंत्र लावलं, ६० च्या वर गेलं की मला फोन करा म्हटलं. जुलैत दोनदा आला फोन, एकदा दार उघडं राहिलं होतं, एकदा अक्कांना नुसतं बोलायचं होतं. पश्चिमेकडच्या काचेचं अजून काही झालेलं नाही, संध्याकाळचं ऊन थेट आत येतं, पण दुकानाचं तोंड झाकायचं म्हटलं की काका विषय बदलतात. सोलर लावलं, तेही ६० नाही, ४०.

जानेवारीत एका थंडीच्या रात्री मामांचा फोन, अकरा वाजता. "साहेब, गच्चीवरचं मशीन बंद पडलंय. आवाजच नाही. एसीवाल्यांना बोलवू काय?" मी म्हटलं मामा बंद पडलं नाही, बंद केलंय. पलीकडं बराच वेळ काही नाही. मग, "बरं बरं. पण मग आता कपडं..."

फेब्रुवारीत परत मोजायला गेलो. रात्रीचा लोड पाचच्या थोडा खाली. तीन माझ्या हिशोबातले, बाकीचे शोधले तर एक फ्रिजमागचा जुना पंखा, एक पतसंस्थेतला चालू राहिलेला कॉम्प्युटर, आणि एक बरोबर १ किलोवॅट. तो मामांच्या केबिनमध्ये सापडला, कॉइलचा हीटर, खुर्चीपाशी, वर दोरीवर पँट. मामा माझ्याकडं बघत होते, मी मामांकडं.

रिपोर्टात मी तो लिहिला नाही.