आमची वाटचाल : दिवसाला दीडशे मैल

२०१४च्या जुलैत आई-बाबा अलिबागहून आमच्याकडे, डेट्रॉईटजवळ, तीन महिन्यांसाठी आले. कुठे फिरायला जायचं म्हटलं की आईचा पहिला प्रश्न, "तिथे वरणभात कुठे लावायचा?" म्हणून भाड्याने आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर आणि बिछाने असलेलं चालतं घर, घेतली आणि लेक मिशिगनला वळसा घालायला निघालो. पाच दिवस, रोज अडीचशे-तीनशे मैल, असा हिशोब मी एक्सेलमध्ये बसवला होता.

दुसऱ्या रात्री कॅम्पग्राउंडवर पोचायला साडेदहा वाजले. स्टेट पार्कात दहानंतर शांतता पाळायची असते. मी टॉर्चच्या उजेडात चाकांखाली ठोकळे सरकवतोय, बायको मागे उभी राहून दबक्या आवाजात "अजून थोडं डावीकडे" सांगतेय, आणि आई-बाबा आत बसल्या जागी पेंगलेले. त्या दिवशी दोघांनी पाणी पाहिलंच नव्हतं, नुसता रस्ता पाहिला होता. मला फार वाईट वाटलं. सकाळी आम्ही उरलेला वळसा रद्द केला आणि लडिंग्टनच्या स्टेट पार्कात दोन रात्री राहिलो. बाबांनी वाळूत खुर्ची मांडण्याआधी विचारलं, "भरती किती वाजता?" पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे त्यांच्या लेखी तो समुद्रच. इथे भरती-ओहोटीचा फरक दोन इंचही नसतो, हे त्यांना पटायला संध्याकाळ झाली.

आमच्या व्यवसायाचं मूळ त्या दोन दिवसांत आहे. ओळखीतली मराठी कुटुंबं विचारायला लागली, "आमचेही आई-बाबा येतायत, जमवून द्याल का?" २०१६मध्ये मी आणि बायकोने रीतसर कंपनी काढली. सुरुवातीला फक्त आखणी आणि बुकिंग करायचो, गाडी लोक दुसरीकडून घ्यायचे. एकदा एका कुटुंबाला भाड्याच्या गाडीत फ्रीजच बंद मिळाला, तीन दिवसांचं दूध-दही वाया गेलं. त्यानंतर कर्ज काढून आमची पहिली क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराची आरव्ही, घेतली. आता दोन आहेत.

आमचा नियम एकच : दिवसाला दीडशे मैलांच्या वर नाही, आणि दुपारी चारपर्यंत गाडी जागेवर. गिऱ्हाईक म्हणतं, "गूगल तर तीन तासच दाखवतंय." ते कारचे तीन तास. डिझेल-पेट्रोल, डम्प स्टेशनवर सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं, आजोबांचे पाय मोकळे करणं, हे सगळं धरलं की तिथे पाच होतात.

टाक्यांचं गणित कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात आपल्यासाठी मांडलेलं नसतं. आमच्या गाडीची ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, तीस गॅलनांची. आपण कागदावर भागवत नाही, पाणी वापरतो, त्यामुळे सहा माणसांत ती दुसऱ्याच दिवशी भरत येते. म्हणून मार्ग आखताना दर दोन रात्रींनी डम्प स्टेशन असलेला मुक्काम धरतो. ग्रे टँकेत, म्हणजे सिंक-मोरीच्या सांडपाण्याच्या टाकीत, फोडणीचं तेल आणि डाळीचा गाळ गेला की वास हटता हटत नाही. भांडी आधी कागदाने पुसून घ्या, हे गाडी ताब्यात देताना बायको स्वतः करून दाखवते.

विजेचंही तसंच. मुक्कामावरची तीस अँपिअरची वीजजोडणी (हुकअप) म्हणजे जेमतेम ३,६०० वॉट. एसी चालू, मायक्रोवेव्हमध्ये पोळ्या गरम होतायत आणि त्यातच कोणी चहाला इलेक्ट्रिक केटल लावली, की ब्रेकर पडलाच. चहा गॅसवर करा.

उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुला या द्वीपकल्पात जायचं तर मॅकिनॉ पूल ओलांडावा लागतो. १९५७चा, जवळजवळ पाच मैल लांब. वारा चढला की आरव्हीसारख्या उंच गाड्यांचा वेग कमी करायला लावतात, फारच वाढला तर पूल बंदही ठेवतात. म्हणून पुलाच्या दिवशी आम्ही पुढचा मुक्काम जवळचाच ठेवतो. पुढे लेक सुपीरियरवर, पिक्चर्ड रॉक्समध्ये, ट्वेल्व्हमाइल बीचवर हुकअप नाही. तिथे एकच रात्र, आणि आदल्या दिवशी सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या, वापरायचं पाणी भरलेलं. तळ्याचं पाणी जुलैतही बोचतं इतकं थंड, पण पहाटे गाढ शांतता आणि समोर नितळ निळं पाणी. माझ्या मते पूर्ण मार्गावरची सर्वांत सुंदर जागा हीच.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथेच घ्या. २००२मध्ये डेट्रॉईट परिसरात सापडलेल्या एका हिरव्या किड्याने इथली ॲशची कोट्यवधी झाडं मारली, आणि तो पसरला तो मुख्यतः अशाच लाकडांतून. पेटोस्कीचे दगड, म्हणजे पोवळ्यांचे जीवाश्म, नॅशनल लेकशोरमधून (राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्यावरून) उचलायचे नाहीत, हेही मुलांना आधीच सांगा. आणि लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नको. पिअरजवळचा, म्हणजे पाण्यात गेलेल्या धक्क्याजवळचा, प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो.

२०२० अवघड गेलं. विमानं बंद, आई-बाबा कोणाचेच येईनात. आगाऊ घेतलेले सगळे पैसे परत केले, त्यासाठी घरातली बचत मोडली. त्याच वर्षी लेक मिशिगनची पातळी इतकी चढली की काही किनाऱ्यांवर वाळूच उरली नाही, नेहमीचे मुक्काम बदलावे लागले. पण उन्हाळ्यात इथल्याच कुटुंबांनी फोन सुरू केले. माणसांपासून लांब राहून बाहेर पडायचं, तर आरव्हीच बरी. त्यांनी आम्हाला तारलं.

मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं. जुलैचे मुक्काम म्हणजे जानेवारी. बाहेर गुडघाभर बर्फ, जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, शेजारी गिऱ्हाइकांची यादी. पहिल्या रांगेतली, पाण्याकडे तोंड असलेली जागा मिनिटभरात जाते. आठला पाच कमी असताना बायको चहाचा कप बाजूला सरकवते.