तीन दाणे मावतील एवढी चिंधी

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग दोन किलो जास्त भरली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काहीतरी काढा मॅडम.” मी मेतकूट काढलं, लसणाची चटणी काढली, थोडा विचार करून नवऱ्याचे बूटही काढले. चिंध्यांची पिशवी काही काढली नाही. नवरा बायकोला ओळखून आहे, त्यामुळे काही बोलला नाही. फक्त चटणीकडे फार दुःखानं बघत राहिला.

आई सोलापुरात 40 वर्षं ब्लाउज शिवतेय. उरलेलं कापड ती गिऱ्हाइकाला परत देते, पण तळहाताएवढे तुकडे कुणी नेत नाही. ते मशीनखालच्या डालड्याच्या डब्यात जातात. डबा भरला की उशीच्या अभ्र्यात, अभ्रा भरला की माळ्यावर. खणाचे, इरकलीच्या काठाचे, माहेश्वरीचे, कुणाच्या तरी लग्नातल्या शालूचे. “कशाला नेतीस गं तिकडं? जपानात कापड मिळत नाही व्हय?” असं म्हणत तिनंच ती पिशवी दाबून दाबून भरली होती.

तोक्योत आम्ही निशी-कासाईला राहतो. खिचडीचा वास शेजारून येऊ शकेल असा हा भाग आहे, इतकी इथं आपली माणसं. पिशवी कपाटात वर गेली आणि तिथंच राहिली. दर दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढायची, तुकडे हातात घ्यायचे, “याचं काहीतरी छान करायचंय” म्हणायचं आणि परत वर ठेवायची. कापड जितकं देखणं तितकी कात्री चालत नाही. साध्या सुती तुकड्यांची मी पायपुसणी शिवून टाकली, पण हिरव्या खणाच्या दोन विती तुकड्याला सहा वर्षं हात लावला नाही. त्याच्या लायकीचं काम सापडलं नव्हतं म्हणे.

कोंडी फोडली ती लेकीच्या बालवाडीनं. इथं शाळा एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्याआधी पालकांच्या हातात एक कागद पडतो. पुस्तकांची पिशवी 30 बाय 40 सेंटिमीटर. घरातल्या बुटांची पिशवी वेगळी, कपड्यांच्या जोडाची वेगळी, पेल्याची नाडीची छोटी थैली, डब्याखाली पसरायचा रुमाल. सगळ्यांची मापं सेंटिमीटरमध्ये. विकत मिळतं सगळं, पण बऱ्याच आया घरी शिवतात आणि आपली पिशवी मुलांना लांबूनही ओळखू येते. मी मुकाट्यानं मशीन आणलं आणि पिशवी खाली काढली.

पहिला धडा पहिल्याच संध्याकाळी मिळाला. खण कापला की त्याच्या कडा भरभर सुटतात. टीप मारेपर्यंत अर्धा सेंटिमीटर गायब. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती हसायलाच लागली. “आधी मागून पेस्टिंगचं चिकट कापड मार इस्त्रीनं, मग काप. आणि लाल खण असला तर ओला पांढरा रुमाल घास, रंग सोडतोय का बघ. पोरीच्या डब्याखाली घालतीस ना?” लाल खणानं रंग सोडलाच. तो डब्याच्या रुमालातून बाद झाला आणि बुटांच्या पिशवीचं अस्तर झाला. हिरवा खण मात्र पुस्तकांच्या पिशवीला समोरून लागला, बाकी अंग निळ्या जाड सुती कापडाचं, आणि बंद इरकलीच्या काठाचे. काठ मुळात घट्ट विणलेला असतो, दुहेरी दुमडून कडेनं दोन टिपा मारल्या की बंदाला दुसरं काही लागत नाही.

ते निळं कापड आणायला मी निप्पोरीला गेले होते. यामानोते लाईनवरचं स्टेशन, आणि पूर्वेला बाहेर पडलं की किलोमीटरभर रस्ता नुसता कापडाच्या दुकानांचा. 80-90 दुकानं असतील. बटणांचं वेगळं, लेसचं वेगळं, चामड्याचं वेगळं. आपल्याकडच्या कापडपेठेची सवय असल्यामुळे मला माणसांचा गोंगाट नसल्याचंच नवल वाटलं. एका दुकानाच्या दारात टोपल्या ठेवल्या होत्या आणि त्यांत हातरुमालाहून लहान तुकडे, घडी घालून, पारदर्शक कागदात, वर किंमत. जपानीत त्यांना ‘हागिरे’ म्हणतात. म्हणजे चिंध्याच की! आपल्याकडे ‘चिंधी’ म्हणजे शिवी. चिंधीचोर, चिंधीगिरी. इथं दोन म्हाताऱ्या त्या टोपलीसमोर तासभर उभ्या होत्या, सोनाराकडे उभं राहावं तशा.

त्यांच्याकडे चिंधीला हा मान का, हे मला शेजारच्या आजींकडून कळलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी जुना किमोनो उसवून दाखवला. किमोनोचं कापड जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर पन्ह्याचं आणि साधारण 12 मीटर लांब. ते सरळच कापायचं. बाहीला गोलाई नाही, बगलेला खोलगट काप नाही, जास्तीचं कापड शिवणीत आत दुमडून ठेवायचं. त्यामुळे कापताना तुकडा पडतच नाही, आणि उसवलं की परत पट्ट्याच हातात. पूर्वी त्या पट्ट्या जोडून, धुऊन, ताणून वाळवायच्या आणि पुन्हा नवा किमोनो शिवायचा. तो झिजला की मुलाचं काहीतरी, मग उशी, मग लंगोट, मग फरशी पुसायचं फडकं. आजींच्या चिंध्या म्हणजे दोन-तीन जन्म घेऊन आलेलं कापड. आईच्या चिंध्या तशा नव्हेत. कटोरी ब्लाउज अंगासरशी बसायला हवा, म्हणून बगल, गळा, कटोरी सगळं गोल कापायचं, आणि उरतात ते अर्धचंद्र, तिरके त्रिकोण, शेपट्या. एकदाही न नेसलेलं, कोरं कापड. हे लक्षात आलं तेव्हा कुठे मला कळलं की जपानी पुस्तकातल्या चौकोनी ठिगळांच्या नमुन्यात माझे तुकडे का बसत नाहीत. अर्धचंद्राचा चौकोन करायला गेलं की निम्मं कापड परत चिंधीच होतं. मग मी उलटं केलं. तुकडा टेबलावर ठेवायचा आणि त्याच्यात काय बसतंय ते बघायचं. अर्धचंद्रात फुलाच्या पाकळ्या निघाल्या, पक्ष्याचे पंख निघाले, संत्र्याच्या फोडीसारखे तुकडे जोडून सुया टोचायची गादी झाली.

पंखांवरून आठवलं. इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर इनातोरी म्हणून गाव आहे. मार्चच्या 3 तारखेला इथं मुलींचा सण असतो, घरोघरी राजाराणीच्या बाहुल्या मांडतात. त्या महाग. परवडत नसत त्या घरांतल्या आज्यांनी चिंध्यांची इवली इवली चित्रं शिवून लाल दोऱ्यावर टांगायला सुरुवात केली, एदो काळापासूनची, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांची रीत. एका दोरीला 11, अशा 5 दोऱ्या, आणि बाहुल्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून 110. प्रत्येकाला अर्थ. माकड असतंच, कारण ‘सारु’ म्हणजे माकड आणि ‘सारु’ म्हणजेच निघून जाणं, तेव्हा पीडा निघून जावी. आम्ही तिथं गेलो तेव्हा लेक वर बघून म्हणाली, “आजीच्या पाळण्यावर होतं तसलं!” खरंच होतं. सोलापूरच्या घरी माझ्या पाळण्यावर कापडी चिमण्या-राघूंचं खेळणं टांगलेलं असे, पुढे तेच तिच्याही पाळण्यावर. आईनं ते ह्याच डालड्याच्या डब्यातून शिवलं होतं. त्यानंतर आमच्या दारातही माळ लागली. 110 नाहीत, 17 आहेत, त्यात तीन माकडं आणि एक वांगं. वांग्यासाठी जांभळा शालू होता, तो दुसऱ्या कशाला शोभलाही नसता.

गोधडी का नाही केलीस, असं मला सगळे विचारतात. सांगते. गोधडीला मऊ, धुतलेलं, सारख्या जाडीचं कापड लागतं. ताठ खण आणि झिरझिरीत माहेश्वरी एकत्र धावदोऱ्यानं शिवलं की एक आकसतं, दुसरं फुगतं. शिवाय जरीवर निजायचं कुणी? उगाच भावनेच्या भरात केली असती तर टोचणारी गोधडी झाली असती. मी तोक्योत आले तेव्हा आसाकुसाला ‘बोरो’चं एक संग्रहालय होतं, 2019 साली ते बंद झालं. उत्तरेच्या आओमोरीकडच्या गरीब शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळं लावलेले कपडे आणि पांघरुणं. तिकडं थंडीमुळे कापूस पिकत नाही, जुनं सुती कापड बोटीतून यायचं, आणि त्याचा एकेक तुकडा थंडीशी लढायला वापरायचा. धावदोरा अगदी आपल्या वाकळेचा. आता असल्या बोरोला हजारो येन मोजतात, काही ठिकाणी तर नवंकोरं कापड मुद्दाम फाडून ठिगळ लावतात. ते बघून मला जरा कसंतरीच होतं. आपल्या गोधडीचंही तेच चाललंय म्हणा.

आओमोरीच्या त्या मुलखातलीच एक म्हण आजींनी मला सांगितली: अझुकीचे तीन दाणे गुंडाळता येतील एवढं कापडही टाकू नये. अझुकी म्हणजे आपल्या चवळीची लाल, बुटकी बहीण. आजी मला ‘ओतेदामा’ शिकवत होत्या तेव्हाची गोष्ट. ओतेदामा म्हणजे दाणे भरलेल्या छोट्या थैल्या, हवेत उडवून झेलायच्या. एका थैलीला चार तुकडे, प्रत्येक 5 बाय 9 सेंटिमीटर. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर शिवणीत गेला की 4 बाय 8 उरतो, रुंदीच्या दुप्पट लांबी. हे प्रमाण चुकलं की कोपरे जुळत नाहीत. दोन तुकडे एका रंगाचे, दोन दुसऱ्या. आत 40 ग्रॅमच्या आसपास अझुकी. गच्च भरायची नाही, हातात पडल्यावर बसली पाहिजे. हे माप बघून मी घरी पळत गेले. माझ्या पिशवीतले जे सरळ तुकडे कशालाच पुरत नव्हते, ते सगळे याला पुरत होते!

पहिली थैली मी शालूची शिवली आणि हौसेनं उंच उडवली. जरीचं कापड, बारीक टीप, शिवण उसवली आणि 40 ग्रॅम अझुकी फ्रिजखाली. अजूनही झाडताना एखादा दाणा निघतो. त्यानंतर जरीच्या तुकड्यांना मागून मलमल लावली.

आजींनी तीन थैल्या उडवून दाखवल्या, गाणं म्हणत. मी म्हटलं, आमचा खेळ वेगळा. पाच थैल्या जमिनीवर टाकल्या, एक वर उडवली, ती खाली यायच्या आत दुसरी उचलली. मग दोन. मग तीन. सागरगोटे! पंचवीस वर्षांनी हात चालत होता. आजी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, परत करा. लेक तोंड उघडं टाकून बघत होती, आईला काहीतरी येतं हे तिला नवीनच होतं.

यंदा ती पहिलीत गेली. पुन्हा कागद आला, पुन्हा मापं, आणि शेवटी एक ओळ: ‘झोकिन’ दोन नग. झोकिन म्हणजे फरशी पुसायचं शिवलेलं फडकं. इथं मुलं आपला वर्ग आपण पुसतात. बाकीच्यांनी जुने टॉवेल शिवले. माझ्याकडे आईच्या पिशवीच्या तळाशी बाबांचा जुना सोलापुरी पंचा निघाला, बहुधा तुकड्यांना गुंडाळायला घातलेला. चार पदर करून, मधून फुलीची टीप मारून दोन फडकी झाली. पाणी असं शोषतात की बाईंनी पत्रात कौतुक लिहून पाठवलं.

रविवारी बाबांना फोनवर हे सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “तो पंचा मी दोन वर्षं शोधतोय.”