वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवरची सही तीन हजारांत मिळते, ती घेऊ नका (माझा अनुभव)

खिडकीपलीकडच्या मॅडमनी कागद वर धरला, लायसन्सच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या काँट्रॅक्टरचं लायसन्स मार्चमध्येच संपलंय, हा टेस्ट रिपोर्ट चालणार नाही." फाइल परत. वीज कंपनीच्या ऑफिसातली ही माझी तिसरी फेरी होती. पहिल्या फेरीत सोसायटीचं पत्र आणा, दुसऱ्या फेरीत घराच्या कागदांची झेरॉक्स आणा, आणि तिसऱ्यांदा हे. प्रत्येक वेळी हाफ डे टाकून गेलेय मी, काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? अजून आठवलं की डोकं तापतं माझं.

आमचं घर ठाण्यात, बिल्डिंग १९९४ची. बाथरूम, किचन, टाइल्स सगळं नवीन केलं, ते दीड महिन्यात नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते वायरिंग. दोन एसी घ्यायचे होते, दोन किलोवॅटचा गिझर, वर इंडक्शन, आणि मीटर जुना सिंगल फेज. म्हणजे लोड वाढवून थ्री फेज करणं आलंच. त्या अर्जाला लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, वायरिंग तपासलंय आणि सुरक्षित आहे म्हणून. हे आम्हाला काम पूर्ण झाल्यावर कळलं!!

काम दिलं होतं ओळखीतल्या एका इलेक्ट्रिशियनला. त्याचं कोटेशन ४२ हजार, लायसन्स असलेल्या एका काकांचं ६५. आम्ही तो २३ हजारांचा फरक बघितला आणि दुसरं काही विचारलंच नाही. "पंधरा वर्षं हेच करतोय ताई" म्हणाला, आम्हाला तेवढं पुरलं. टेस्ट रिपोर्टचं विचारलं तर म्हणाला, तीन हजार द्या, करून आणतो. दोन दिवसांत शिक्का-सहीचा कागद हातात. ज्याची सही होती तो माणूस आमच्या घरात एकदाही आला नव्हता, आणि मीही तो कागद निमूट घेतला कारण मला ती नुसती फॉर्मॅलिटी वाटली. ही चूक माझीच. त्या दिवशी मॅडमवर चिडून बाहेर आले होते, आज वाटतं त्यांनी ती तारीख बघितली नसती तर काय झालं असतं.

मग गेले त्याच काकांकडे, ज्यांचं कोटेशन आम्ही नाकारलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, दुसऱ्याच्या कामावर मी न बघता सही करत नाही, आधी टेस्ट करू, मग बोलू. मे महिना, दोन्ही एसी खोक्यात पडलेले, सासूबाई उकाड्याने हैराण, मला तर रडूच यायचं बाकी होतं. पण काका हटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मेगर घेऊन आले. हँडल फिरवायचं जुनं मशीन, त्यातून ५०० व्होल्ट जातात आणि वायरचं इन्सुलेशन किती टिकतंय ते काटा दाखवतो. मेन बंद, सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली. लाइन आणि अर्थिंगच्या मध्ये निदान एक मेगओहम तरी यायला हवा म्हणाले. हॉल ठीक, बेडरूम ठीक. गिझरच्या लाइनला हँडल फिरवलं तर काटा शून्याजवळून हलेचना. काकांनी पुन्हा फिरवलं, तेच. मग डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या स्विचांची मुख्य पेटी, उघडली तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बायपास केलेली! आता आठवलं, काम चालू असताना ती सारखी ट्रिप व्हायची आणि तो म्हणाला होता, "पीस खराब आहे, बदलून आणेपर्यंत डायरेक्ट करून ठेवतो." पीस बरोबरच होता. बाथरूमच्या भिंतीत वायरला मध्येच जोड देऊन नुसती टेप गुंडाळली होती, तिथे ओल धरली होती, करंट झिरपत होता आणि आरसीसीबी तेच सांगत होती. ती ३० मिलिअँपच्या गळतीला पुरवठा तोडते, माणूस वाचावा म्हणूनच असते ती. आणि त्या बाथरूममध्ये सासूबाई महिनाभर रोज गिझरच्या पाण्याने आंघोळ करत होत्या. तो जोड काढून काकांनी माझ्या हातावर ठेवला, टेप चिकट आणि ओली, आतलं तांबं हिरवट पडलेलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

एसीच्या पॉइंटला बिलावर चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटरची) वायर लिहिलेली, आत निघाली दीडची, म्हणजे खूपच बारीक. नव्या टाइल्स फोडल्या, नऊ दिवस गेले आणि ३८ हजार. ४२ अधिक ३ अधिक ३८, करा हिशोब.

काकांनीच सांगितलं की कायद्याने तीन वेगवेगळे कागद लागतात. काँट्रॅक्टरकडे राज्य सरकारचं लायसन्स, देखरेख करणाऱ्याकडे सुपरवायझरचं प्रमाणपत्र, आणि हाताने काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आहे तसाच बदलायचा असेल तर सूट आहे, पण नवीन वायरिंगला नाही. तेव्हा लायसन्स मागा, आणि नुसता नंबर नको, कुठल्या तारखेपर्यंत चालू आहे ते स्वतः वाचा.

हो, विम्याचं राहिलंच. आमच्या सेक्रेटरींनी ह्या वेळी कामगारांची डब्ल्यूसी पॉलिसी (कामावर इजा झाली तर भरपाई देणारा विमा) दाखवल्याशिवाय गेट पास देणार नाही म्हणून सांगितलं, मला तेव्हा उगाच अडवणूक वाटली. पाचव्या दिवशी काकांचा हेल्पर स्टुलावरून घसरला, मनगट फ्रॅक्चर. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, घरी पैसे पाठवणारा. पॉलिसी होती म्हणून त्याचा दवाखाना आणि बुडलेले दिवस दोन्हींचे पैसे मिळाले. आधीच्या माणसाकडे असं काहीच नव्हतं, तेव्हा कोणी पडलं असतं तर आम्ही कुठे बघितलं असतं? पॉलिसी हातात आली की तारीख आणि किती माणसांची आहे ते बघा, दोघांची पॉलिसी आणि कामावर पाच जण असं चालत नाही.

चौथ्या फेरीत त्याच मॅडमनी रिपोर्ट वाचला, काही न बोलता शिक्का मारला. पैसे भरल्यावर अकराव्या दिवशी थ्री फेज मीटर लागला. पहिल्या रात्री सासूबाई एसीत गाढ झोपल्या, मी मात्र आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघितलं, खटकन पडली, तेव्हा बरं वाटलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला दाबते.

अजून एक, भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे पाइप-वायर दिसतील असे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजायची टेप धरून. आमच्याकडे ते असते तर जोड शोधायला सहा टाइल्स फोडाव्या लागल्या नसत्या.