टुण्ण

जानेवारीतली गोष्ट. मी गॅरेजचं शटर वर करायला आणि भिलारचे काका गाडी घेऊन यायला एकच गाठ पडली. काका स्ट्रॉबेरी करतात. गाडी साधी हॅचबॅक, पण मागची सीट पाडून तिचा पार टेम्पो केलेला. उतरल्या उतरल्या त्यांनी एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. पुढच्या चाकांपाशी बसणारे काढलेले जुने भाग: लिंक रॉडच्या दोन जोड्या, लोअर आर्मची बुशं (सांध्यातली रबरं), टाय रॉड एंड, आणि खाली घडी घातलेली बिलं.

"मिस्त्री, हे समदं बदललंय. साडेअकरा हजार गेले. आवाज तेवढा तसाच हाय."

आवाज कधी येतो विचारलं तर म्हणाले, सरळ रस्त्याला नाही, खड्ड्यात थोडा खटखट, पण पसरणी घाटात प्रत्येक वळणावर हमखास. "खालनं येतोय, पायाखालनं. टुण्ण असा."

पायाखालनं म्हटलं की फिटर खाली जातो, गाडी जॅकवर घेतो, पहार घालून बुशं हलवून बघतो. मीही तेच केलं असतं. पत्र्याची बॉडी आवाज इकडून तिकडं नेते, आणि बसलेल्या माणसाला तो कुठूनही आल्यासारखा वाटतो. मला खटकला तो 'टुण्ण' हा शब्द. बुश गेलं की 'कट' होतं, बॉलजॉइंट गेला की 'टक'. टुण्ण म्हणायला काहीतरी ताणलेलं लागतं.

काकांना परत स्टिअरिंगवर बसवलं. चाकं जमिनीवरच ठेवली. टायरच्या वरून हात घालून स्प्रिंगवर तळवा टेकवला (बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत) आणि म्हटलं, इंजिन चालू करा, सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाक वळलं, शॉकअप (धक्के झेलणारा, स्प्रिंगच्या आतला दांडा) वळला, स्प्रिंग मात्र वळेना. हाताखाली ती पीळ घेत गेली, घेत गेली आणि एकदम उसळून जागेवर आली. टुण्ण! बॉनेटजवळ उभा असलेला आमचा पोरगा दचकला.

या गाड्यांत पुढचा शॉकअप स्टिअरिंगबरोबर अख्खा फिरतो. फिरायचा तर वर बॉडीला टेकतो तिथं बेअरिंग हवं. ते रबरी टॉप माउंटिंगच्या खाली बसतं, आणि गाडीचा तो अख्खा कोपरा, अडीचशे-तीनशे किलो, त्याच्यावर असतो. बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग वरून धरून ठेवल्यासारखी होते, खालून पिळली जाते आणि सहन होईना की सुटते. काकांना विचारलं, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं का? "न्हाय, ओढून आणावं लागतंय. मला वाटलं वय झालं." गाडीचं की स्वतःचं, ते मी विचारलं नाही.

बॉनेट उघडल्यावर कारणही दिसलं. वायपरच्या खालचं पाणी जिथून उतरतं, बरोबर तिथं शॉकअपची डोकी, आणि दोन्हींवरची प्लास्टिकची टोपणं गायब. कुणीतरी कधीतरी काढली आणि ठेवली असतील कुठंतरी. त्या डोंगरावरचा पाऊस म्हणजे काय ते सातारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

माल आणायला माणूस पाठवला. दोन्ही बाजूंची माउंटिंग, दोन्ही बेअरिंग. एकाच बाजूचं बदलून पैसे वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही, दुसरं दोन महिन्यांत बोंब मारतंच.

आता चूक सांगतो. माझी. पोरगा आयटीआय करून नुकताच आलेला, हात चपळ. त्याला म्हटलं, "शॉकअप काढ, व्हाइसमध्ये धर, वरचं माउंटिंग काढू," आणि काकांबरोबर चहाला बसलो. काढायचं काम त्यानं झकास केलं. नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचे) बोल्ट काढण्याआधी खुणा मारल्या, ब्रेकचा होज क्लिपमधून सोडवला, नकल त्या होजवर लोंबकळू नये म्हणून तारेनं बांधली. वरचे तीन नट सोडले, शॉकअप बाहेर. इथपर्यंत मीही एवढ्या नीट केलं नसतं.

मग नट सोडायच्या गनचा आवाज आला. टर्रर्र. कप हातातच राहिला. स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प कपाटात होते आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

मी ओरडलो. गनपुढं त्याला काय ऐकू जाणार? आणि लाइट गेली. गन विजेची, जागच्या जागी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा लाइट गेल्याचा आनंद झाला.

जवळ जाऊन बघितलं तर मधल्या नटाच्या वर एरवी दिसणारे आटे दिसेनात. नट रॉडच्या पार टोकाला येऊन टेकलेला. तीन आटे असतील, फार तर चार. बाहेर काढलेल्या शॉकअपवरही स्प्रिंग दाबलेलीच असते, तो एक नट तिला धरून असतो. आणि माउंटिंगचं तोंड चहाच्या बाकड्याकडे. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या उस्तादांच्या पत्र्याला एक भोक होतं, त्याखाली पावसाळ्यात बादली ठेवावी लागायची. ते असंच पडलेलं. बुजवू का विचारलं की ते म्हणायचे, राहू दे.

दोघांना बाहेर काढलं. बाजूला उभं राहून, तोंड कधीच समोर न घेता, दोन क्लॅम्प समोरासमोर लावले. इकडचे दोन फेरे, तिकडचे दोन फेरे. एका बाजूनं जास्त दाबली की स्प्रिंग वाकडी होऊन निसटते, म्हणून घाई नाही. स्प्रिंगची वरची सीट, म्हणजे बैठक, हाताला सैल लागली तेव्हा कुठं नट सोडला. तो बोटांनीच निघाला. पोरगा दारातून बघत होता, तोंडावर रंग नव्हता. त्याला काही बोललो नाही. किल्ली खिशातून काढून खिळ्याला अडकवली.

बेअरिंगमधून तपकिरी चिखल निघाला. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, हातानं फिरेना. दुसऱ्या बाजूचं करकरत फिरत होतं एवढंच. नवीन बसवताना दोनच गोष्टी बघायच्या. बेअरिंगची बाजू उलटी होता कामा नये, आणि स्प्रिंगचं टोक सीटच्या पायरीला नीट भिडलं पाहिजे. दुसऱ्या बाजूचं सगळं पोरग्यानंच केलं, क्लॅम्प लावून. प्रत्येक फेऱ्याला माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी अलाइनमेंट करून काका आणि मी घाट चढलो. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. काका मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. चौथ्या वळणानंतर त्यांनी तळहात सैल सोडले आणि स्टिअरिंग आपणहून सरळ आलं. "आगं बाई," एवढंच म्हणाले.

टोपणं मात्र दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. काकांनी डिकीतल्या सामानातून जॅमच्या बरण्यांची दोन प्लास्टिकची झाकणं काढली. खाली ग्रीस भरून दाबून बसवली. टोपणं आली की फोन करतो म्हटलं.

टोपणं आली, फोन केला, काका मे महिन्यात उगवले. बॉनेट उघडून झाकणं काढली, आत ग्रीस जसंच्या तसं. नवी टोपणं त्यांनी हातात घेतली, उलटीपालटी केली, किंमत विचारली आणि मला परत दिली.

"ऱ्हाऊ द्या की. ह्यांच्यावर आणखी एक पावसाळा बघू."