दवाखान्यात डॉक्टर नाहीत, मग मोबाईलवर संशोधन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डिजिटल आरोग्य आणि आरोग्यसेवेतली समानता यावर काम करणाऱ्या संशोधन गटात मी आहे, हे कळलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डॉक्टर मिळत नाहीत, गोळ्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि तुम्ही मोबाईलचा अभ्यास कसला करताय? विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. तो मला रास्तच वाटतो.

पण डॉक्टरपर्यंत कोण पोचणार, हे आता बऱ्याच ठिकाणी फोन ठरवू लागलाय. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाला कोविडची लस खुली झाली, तेव्हा कोविन या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी करणं सक्तीचं होतं आणि पोर्टल फक्त इंग्रजीत होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेच सरकारला याचा जाब विचारला. आता आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा डिजिटल ओळख क्रमांक आलाय, केसपेपरसाठी क्यूआर कोड आलाय. ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे त्याला टोकन लगेच मिळतं. बाकीचे रांगेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या ३३ टक्केच.

हे आकडे सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, म्हणजे विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, कसे दिसतात ते सांगते. घरात अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. मजुरी हजार विड्यांवर. घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या खिशात आणि मुलगा यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीवर. आधारला जोडलेला नंबरही त्याचाच. आरोग्य केंद्रात ओटीपी मागितला की अक्काला कुणाला तरी शेडकडे पिटाळावं लागतं. मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही. ओटीपीची मुदत संपते आणि अक्का परत येऊन विड्यांना बसते.

त्यातून घरी बसून व्हिडिओवर डॉक्टरशी बोलायची सोय झाली, तरी बोलणार काय? अंगावरून पांढरं जातंय, हे मुलाच्या फोनवर, मुलाने फोन धरलेला असताना कुठली बाई सांगेल? आणि सांगायचं तरी तेलुगूत.

तरीही मी मोबाईलच्या विरोधात नाही, उलट त्याच्या बाजूनेच आहे. सिव्हिलला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचं भाडं वेगळंच. डॉक्टर स्क्रीनवर भेटला तर सगळ्यात जास्त फायदा अक्काचाच आहे. ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेचे दोन मार्ग आहेत. एक, आपल्या फोनवरून थेट. दुसरा, आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात बसून. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी असतो, बीपी बघतो, डॉक्टरांना माहिती देतो, गोळी कशी घ्यायची ते समजावतो. माझं ठाम मत आहे की पूर्व भागाला हा दुसरा मार्ग हवा आणि त्या खुर्चीवर तेलुगू-कन्नड समजणारी बाई हवी. ॲप कितीही सोपं केलं तरी ही बाई वगळून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. कुणाला जास्त देखभाल लागेल हे ठरवणारी एक संगणक प्रणाली तिकडे मोठ्या प्रमाणावर वापरात होती. ती आजार मोजायची रुग्णावर झालेल्या खर्चावरून. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत आलेला, त्यामुळे तेवढेच आजारी असूनही ते यादीत खाली गेले. आता विडीच्या धुळीचा खोकला वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या बाईचा विचार करा. केसपेपर नाही, रिपोर्ट नाही, आभा नाही. उद्या अशाच नोंदींवरून कुठे दवाखाना द्यायचा हे ठरलं, तर कागदोपत्री ती ठणठणीत.

म्हणून आमची पाहणी लिंक पाठवून होत नाही. लिंक उघडणारे कोण असतात ते सांगायला नको. आम्ही विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, गल्लीबोळांत दारोदार जातो, बाईच्या भाषेत बोलतो. फोन आहे का, एवढं विचारून थांबत नाही. नंबर कुणाचा, मेसेज आधी कोण वाचतं, रिपोर्ट मुलाने वाचलेला चालेल का, हेही विचारतो. आभा काढणं ऐच्छिक आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड ही वेगळी गोष्ट, हेही सांगावं लागतं. दोन्ही एकच समजून बायका निर्धास्त राहतात आणि ऑपरेशनच्या वेळी धावाधाव होते.

आता तुमच्या डॉक्टरांच्या मुद्द्यावर. तो आमच्याही कामाचा भाग आहे. स्क्रीनवरचा डॉक्टर पोट दाबून बघू शकत नाही, टाके घालू शकत नाही, बाळंतपण करू शकत नाही. म्हणून दूरवरून दिलेल्या सल्ल्यांचा आकडा वेगळा ठेवा, आणि त्याच्या जोरावर डॉक्टरची एकही रिकामी जागा भरली असं धरू नका, ही मागणी आम्ही लेखी करतोय.