दिवाळीनंतरची गैरहजेरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी सरांना म्हटलं, आधी माझा पाचवीचा हजेरीपट दाखवा. सापडला. दिवाळीपर्यंत हजेरी, मग मेपर्यंत ओळीने लाल फुल्या. वाडीतल्या सगळ्याच पोरांच्या नावांपुढे तेच. नवख्या माणसाला वाटेल, कातकऱ्यांना शिकायचंच नव्हतं.

आम्ही कुठे होतो ते दुसऱ्या वहीत होतं. ती शेठकडे असायची. गौरी-गणपतीच्या सुमाराला लावणीची मजुरी संपलेली, मडकी रिकामी. नेमका तेव्हा मुकादम सुधागडातल्या आमच्या वाडीवर यायचा आणि जोडीमागे उचल द्यायचा. जोडी म्हणजे नवरा-बायको. पोरं हिशोबात नसतात, कामात असतात. भातकापणी आटपली की भांडी, कोंबड्या, गोधड्या टेम्पोत टाकून भिवंडीकडची वीटभट्टी गाठायची.

माझं काम विटा उभ्या करायचं. साच्यातून काढलेली कच्ची वीट आडवी पडलेली असते. वरून सुकली की ती कडेवर उभी करायची. घाई केली तर बोटं उमटतात, उशीर केला तर खालून ओली राहते. दिवसभर ओणवं राहून संध्याकाळी सरळ उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला ‘खर्ची’ मिळायची, तांदूळ-मिरचीपुरती, आणि तीही उचलीच्या खाली मांडली जायची. अवकाळी पावसाने माल विरघळला तर ते नुकसानही आमचंच. मे अखेरीस हिशोब व्हायचा आणि बहुतेक वर्षी बाकी आमच्याकडेच निघायची. ती फेडायला पुढची दिवाळी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, असं मी पुढे पुस्तकात वाचलं. बाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, “शेठला दाखव की.”

सहावीला मी वाडीवरच आजीकडे राहिलो, ते आपल्या बाईंमुळे. त्यांनी बाला शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगितलं नाही. पोरगा मागे राहिला तर खाईल काय, एवढंच विचारलं. आमचं रेशनकार्ड दुकानात गहाण पडलं होतं. बाईंनी पदरचे पैसे भरून ते सोडवलं आणि आजीच्या हातात दिलं. माझं शिक्षण तिथून सुरू झालं, असं मी समजतो.

आज मी सेतू केंद्रात बसून दाखल्यांचे अर्ज भरतो. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या राज्यातल्या तीन आदिम जमाती. शासनाच्या यादीत आमचं नाव ठळक आहे. पण जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, ज्यांचे आजे खैराचा कात पाडत रानोमाळ फिरले, त्यांनी कुठला कागद आणायचा? घरकुलाचंही तेच. २०२३ पासून आदिम जमातींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे, पण घराखालची जागा दुसऱ्याच्या मालकीची. तिच्याभोवती आता फार्महाऊसचं तारेचं कुंपण आलंय. नदीवर जायला पोरी वळसा घेतात.

शाळेची शंभरी म्हणून जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मी सरांकडे वेगळीच परवानगी मागितली. दोन रविवार जनरल रजिस्टरं चाळली. १९५० च्या आधी आमच्या वाडीतलं एकच नाव मिळालं. १९४७ च्या जूनमध्ये दाखल, जात ‘हिंदू कातकरी’, डिसेंबरात नाव कमी. शेरा : ‘सतत गैरहजर’.

शाळेत जेमतेम सहा महिने टिकलेला तो पोरगा. त्या एका ओळीची नक्कल आणि वंशावळ जोडून त्याच्या चार नातवंडांचे अर्ज मी भरले. चौघांचेही दाखले निघाले.