दहा कागद आणि मीटरभर चिकटपट्टी

शिकागोच्या उपनगरातील एका सरकारी शाळेत सहावीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला दिलेले काम कागदावर वाचताना अगदी किरकोळ वाटते. दहा कोरे कागद आणि मीटरभर चिकटपट्टी एवढ्याच सामानात जमेल तितका उंच मनोरा उभारायचा, तो टेबलाला चिकटवायचा नाही, आणि माथ्यावर टेनिसचा चेंडू ठेवून समोर पंखा लावला तरी तो अर्धा मिनिट उभा राहिला पाहिजे. कात्री चालते, डिंक, स्टेपलर आणि पुठ्ठा यांना मज्जाव.

माझ्या मुलीच्या वर्गात कागदाची फारशी चणचण कोणाला भासली नाही, संपत होती ती चिकटपट्टी. कागदाची सुरळी केली की तो उभा भार चांगला पेलतो, कारण तेच द्रव्य मध्यापासून दूर सरकते आणि वाकायला विरोध करते, हे मुलांना चटकन उमगले. मात्र सुरळी किती जाड करावी, यावर बराच खल झाला. पेन्सिलीवर घट्ट गुंडाळलेल्या सुरळीला बरेच थर मिळतात, पण ती बारीक असल्याने लांबी वाढताच मध्ये बाक धरते. रुंद सुरळी तशी वाकत नाही, पण तिची भिंत एकेरी राहून चेपते. जाडी तीच ठेवून सुरळीची लांबी दुप्पट केली, तर बाक न येता ती पेलू शकणारा भार सुमारे चौथाईवर येतो. म्हणूनच उंच खांबांना मध्येच आडव्या पट्ट्यांनी बांधणाऱ्या गटांचे मनोरे टिकले.

चिकटपट्टीचा उपयोग ताण घेण्यापुरता. ढकलले तर ती दुमडते. ज्यांनी एका सुरळीचे टोक दुसरीत खुपसून सांधा केला, त्यांची चिकटपट्टी वाचली आणि ती तिरप्या बांधणीसाठी कामी आली. चार खांबांची चौकट वाऱ्याने तिरकी होते. तिच्या प्रत्येक बाजूला कागदाच्या अरुंद पट्ट्यांची फुली मारली, की वारा कोठूनही आला तरी दोहोंपैकी एक पट्टी ताणली जाते आणि चौकट सरळ राहते. ताणाच्या बाबतीत साधा कागद किती चिवट असतो, हे पट्टी दोन्ही हातांनी सरळ ओढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

या गावात ही फुली शिकवायला फळ्याची गरज नाही. १९६९ साली पूर्ण झालेल्या, शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारतीच्या बाहेरच्या अंगावर पोलादाच्या प्रचंड फुल्या मजल्यांमागून मजले ओलांडत वर गेलेल्या दिसतात, आणि त्या वाऱ्याबरोबर इमारतीचा काही भारही वाहतात. तळाशी रुंद व माथ्याकडे निमुळती असलेली ही ३४४ मीटर उंच रचना ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान यांची, आणि तिचे वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहॅम. शिकागोत राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना ग्रॅहॅम यांच्यापेक्षा खान अधिक जवळचे वाटतात, हे मी निमूटपणे मान्य करते.

गुणांची विभागणी मला सर्वांत रुचली. इलिनॉय राज्याने २०१४ साली स्वीकारलेल्या विज्ञानाच्या निकषांत अभियांत्रिकी रचनेला स्वतंत्र स्थान आहे: अटी नेमक्या मांडणे, चाचणी घेणे, आणि तिच्या नोंदींवरून आराखडा सुधारणे. त्यामुळे उंचीला थोडेच गुण होते. पहिला मनोरा पडल्यावर तो नेमका कोठून मोडला, हे चित्र काढून वहीत नोंदवायचे, आणि दुसऱ्या खेपेला एकच बदल कारणासह करायचा, याला अधिक गुण होते. आपल्याकडे प्रकल्प म्हटला की आदल्या रात्री आईवडीलच जागतात. येथे काम वर्गातच उरकायचे असल्याने मला हात लावायला वावच मिळाला नाही. मुलीच्या गटाने दुसऱ्या खेपेला पायाचे खांब बाहेर कलते केले, त्यापायी थोडी उंची गेली, आणि पंखा बंद होईपर्यंत चेंडू माथ्यावर राहिला. वर्गातील सर्वांत उंच मनोरा मात्र पंख्याचा वेग वाढवताच आडवा झाला, आणि तो का पडला याच्या नेमक्या नोंदीबद्दल त्या गटालाही चांगले गुण मिळाले.